तारीख कुणाला मिळते?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि काही तासांत रंगमंच, छप्पर, खुर्च्या, पडदे असे आतले जवळपास सगळे खाक झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्यांनी याच रंगमंचावर पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता ते नट, आयुष्य विंगेत काढलेले कामगार आणि वर्षाकाठी एखादेच नाटक पाहणारी माणसेही हळहळली. ‘होते तसेच पुन्हा उभे करा’ ही मागणी लगेच पुढे आली. सरकारने निधी जाहीर केला, पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले. मागणी रास्तच होती, कारण शंभरी ओलांडलेल्या अशा वास्तू महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. पण दगड, लाकूड, कमानी आणि खुर्च्या जुन्या छायाचित्रांवरून आणि नकाशांवरून पुन्हा जुळवता येतात. ते नाट्यगृह कोल्हापूरकरांना आपले का वाटत होते, याचे उत्तर नकाशात सापडणार नाही. ते सापडेल नाट्यगृहाच्या कार्यालयातल्या तारखांच्या वहीत : कोणत्या दिवशी, कोणत्या सत्रात, कुणाला आणि किती भाड्यात रंगमंच मिळाला, याच्या नोंदीत. गावातले नाट्यगृह गावाचे असते ते त्याच्या वास्तूमुळे कमी आणि या वहीमुळे जास्त. नव्या नाट्यगृहांचे आराखडे काढताना आणि जुनी पाडताना आपण हीच गोष्ट विसरतो आहोत.

सुरुवात कोल्हापूरपासूनच करू. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले, तेव्हा त्या प्रवासात त्यांनी रोममधले कलोसियम पाहिले. हजारो माणसे एकाच वेळी बसतील आणि सगळ्यांत मागे बसलेल्यालाही खेळ नीट दिसेल, ही रचना त्यांच्या मनात भरली. खासबागचे कुस्ती मैदान त्यातून आकाराला आले आणि १९१२ मध्ये पुरे झाले. त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले गेले. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. नाटकाचे बंदिस्त सभागृह आणि त्याच्या पाठीला मैदानाकडे तोंड असलेला खुला मंच, अशी ही जोडवास्तू आहे. नावात पॅलेस असले तरी ते राजवाड्यातल्या पाहुण्यांपुरते ठेवायचे नव्हते, हे जागेच्या निवडीवरूनच कळते. दरबारी मंडळींसाठी राजवाड्याच्या आवारात एखादी रंगशाळा बांधणे महाराजांना अवघड नव्हते. त्यांनी नाटक नेऊन ठेवले ते तालमीतल्या पोरांच्या आणि कुस्तीच्या शौकिनांच्या वाटेवर. नाटक हा एका थराचा षोक आणि कुस्ती हा दुसऱ्या थराचा, ही विभागणी त्यांनी निदान भिंतीपुरती तरी मोडली. स्थानिक कलाकेंद्र कुठे असावे आणि कुणासाठी असावे, याचा धडा तिथे दगडात बांधून ठेवला आहे.

त्या काळी नाटक कंपन्या फिरत्या असत. बिऱ्हाड, पडदे, पेट्या, आचारी असा सगळा लवाजमा घेऊन कंपनी गावात येई, महिना-दोन महिने मुक्काम करी आणि पुढच्या गावाला जाई. अशा फिरत्या धंद्यात कायमचे नाट्यगृह गावाला काय देते? एक म्हणजे कारागिरांना काम. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ. ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. राजवाडा, जंगल, रस्ता असे सपाट कापडावर खोली दाखवणारे देखावे काढता काढता त्यांना हलत्या चित्रांचे वेड लागले. कॅमेरा स्वतःच बनवायचा, या ध्यासात असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी तो पुढे तडीस नेला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्याच कंपनीत तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. एका नाट्यगृहाने हे सगळे घडवले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. संस्थानचा आश्रय, चित्रकलेची परंपरा, गायकांचा राबता असे कितीतरी धागे त्यात होते. पण पडदा रंगवणाऱ्याला, सुताराला, दिवाबत्ती सांभाळणाऱ्याला आपल्याच गावात काम मिळत राहिले, म्हणून हातातली कला गावात टिकली आणि वेळ आली तेव्हा नव्या माध्यमाकडे वळू शकली. कलेचे असे रोकड मूल्य जमाखर्चाच्या एका वर्षात दिसत नाही. ते पुढच्या पिढीच्या हाती पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे कलावंताला मिळणारे पाय रोवण्याचे ठिकाण. केशवराव भोसले १८९० साली कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी होती, शिक्षण जेमतेम. पोरवयातच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि ‘शारदे’तल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची कंपनी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले तेव्हा बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर होते ते केशवराव. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. कुणाही घरंदाज गवयाच्या पोटी न जन्मलेला मुलगा संगीत रंगभूमीच्या शिखरावर जाऊ शकला, यात त्याचा गळा आणि जिद्द होतीच. पण पोराला उभे राहायला जागा देणारी कंपनी, ऐकणारे गाव आणि पाठीशी उभा राहणारा राजाही होता. स्वातंत्र्यानंतर पॅलेस थिएटरला त्यांचे नाव दिले गेले ही केवळ श्रद्धांजली मानली, तर तिचा अर्थ लवकर संपतो. त्या नावाने नाट्यगृहावर एक जबाबदारी टाकली आहे : ज्याच्यामागे घराणे नाही, पैसा नाही, ओळख नाही, त्यालाही इथे तारीख मिळाली पाहिजे.

आता आजच्या तारखांच्या वहीकडे येऊ. महाराष्ट्रातल्या बहुतेक नाट्यगृहांची मालकी महापालिकांकडे किंवा नगरपालिकांकडे आहे. दिवसाची सकाळ, दुपार, रात्र अशी तीन सत्रे धरतात आणि पुढच्या काही महिन्यांच्या तारखांचे वाटप आधीच करतात. शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांचा डोळा असतो, आणि त्या बहुधा मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर येणाऱ्या व्यावसायिक नाटकांना जातात. उरलेल्या दिवसांत शाळांची स्नेहसंमेलने, ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, नृत्यवर्गांचे वार्षिक प्रयोग, व्याख्याने, सत्कार समारंभ, पक्षांचे मेळावे आणि हौशी संस्थांचे प्रयोग यांची दाटी असते. या यादीत गावाचा नकाशाच उतरलेला असतो. कुणाला चांगली तारीख मिळते, कुणाला भर उन्हाळ्यातली मंगळवारची दुपार मिळते, मंत्र्यांचा कार्यक्रम अचानक ठरला की कुणाची तारीख उडते, हे पाहिले की गावात कुणाचा शब्द चालतो ते कळते. नाट्यगृहाचे व्यवस्थापन म्हणजे दिवे-पंखे आणि साफसफाई एवढेच समजणारे अधिकारी हे लक्षात घेत नाहीत, की तारीख देणे हाच सांस्कृतिक धोरणाचा रोजचा व्यवहार आहे. धोरणाचे मसुदे मंत्रालयात होतात. त्यांची अंमलबजावणी नाट्यगृहाच्या खिडकीवर होते.

या वहीतली सगळ्यांत मोलाची नोंद म्हणजे राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची. १९५४ पासून चालत आलेली ही स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांच्या केंद्रांवर होते आणि केंद्रावर रोज संध्याकाळी एका संस्थेचे नाटक सादर होते. त्या एका दिवसाकडे जरा जवळून पाहिले तर नाट्यगृह काय देते ते उमगते. दोन-तीन महिने तालीम झालेली असते ती शाळेच्या वर्गात, कुणाच्या गच्चीवर किंवा देवळाच्या सभामंडपात. दार कुठे, सोफा कुठे, हे फरशीवर खडूने आखून. प्रयोगाच्या दिवशी सकाळीच टेम्पोतून फ्लॅट, लेव्हल, दाराची चौकट आणि घराघरांतून मागून आणलेल्या खुर्च्या उतरतात. बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करणारी माणसे रजा टाकून ठोकाठोक करत असतात. दुपारी दिव्यांचे फोकस लावताना पहिल्यांदा कळते, की खडूच्या रेघेवरून चार पावलांत गाठता येणारी खिडकी इथे नऊ पावलांवर आहे, आणि वर्गात खणखणीत वाटलेला आवाज दहाव्या रांगेपलीकडे पोचत नाही. दिग्दर्शक हालचाली बदलतो, नटी साडी खोचून पुन्हा पुन्हा चालून पाहते, पार्श्वसंगीतवाला आपले क्यू नव्याने लिहून घेतो. तिसरी घंटा होईपर्यंत ही माणसे, दुसऱ्या कुठल्याही मार्गाने शिकली नसती अशी गोष्ट शिकलेली असतात. समोर परीक्षक असतात, शेजारी असतात आणि उद्या ज्यांचे नाटक आहे त्या प्रतिस्पर्धी संस्थेतले लोकही असतात. तिकीट नाममात्र. व्यावहारिक हिशेबाने पाहिले तर हा दिवस तोट्याचा आहे.

पण त्या तोट्याचे पुढे काय होते? ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. तो केला प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, या हौशी संस्थेने. ओळीने उभ्या राहिलेल्या नाचत्या-गात्या माणसांचा पडदा, नायकाच्या जागी खलपुरुष आणि पेशवाईतल्या पुण्यावर कोरडे ओढणारे कथानक अशा या नाटकाला, गल्ल्याचा हिशेब करून तारखा देणाऱ्याने दारात उभे केले नसते. डॉ. श्रीराम लागूंसारखा नट डॉक्टरकी करता करता घडला तोही याच पीडीएत. मराठी रंगभूमीची व्यावसायिक बाजू ज्यांच्या नावावर चालते त्यातले कितीतरी जण असे स्थानिक मंचांवरच्या ‘तोट्या’तून आलेले आहेत. यावर कुणी म्हणेल, की स्पर्धेतली निम्मी नाटके सुमार असतात, त्यांच्यासाठी सरकारी जागा का अडवायची? असतात, हे मान्य करायला हरकत नाही. पण कोणते सुमार आणि कोणते ‘घाशीराम’ होणार, हे प्रयोगाआधी सांगणारे यंत्र अजून कुणी काढलेले नाही. चांगले नाटक हवे असेल तर बरीच बरी-वाईट नाटके होऊ द्यावी लागतात, आणि ती होऊ देण्याची जागा प्रेक्षकाच्या जवळ असावी लागते.

वास्तूपेक्षा वही मोठी, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मुंबईत दादरला आहे, आणि ती जागा नाट्यगृहच नव्हती. छबिलदास शाळेचे सभागृह १९७४ मध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नाटकासाठी वापरायला घेतले. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही त्यामागची माणसे. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. तिथे ना मखमली पडदा होता ना खुर्च्यांच्या चढत्या रांगा. परवडणारे भाडे, नियमित तारखा आणि ‘काहीतरी नवे करून पाहू’ म्हणणाऱ्या कुणालाही उघडे असलेले दार, एवढीच त्याची सामग्री. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यापासून कितीतरी तरुण मंडळींनी मराठी, हिंदी आणि इतर भाषांतली नाटके तिथे केली. एका शाळेच्या सभागृहावरून एका नाट्यचळवळीला नाव पडले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा गेली. आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत काम चालू ठेवले, तरी छबिलदासला एकाच जिन्यावर वेगवेगळ्या गटांची जी रोजची गाठभेट होत असे, ती पुन्हा तशी जुळली नाही. कलावंत तेच होते, प्रेक्षकही त्याच शहरात होते. गेली होती ती फक्त ठरलेली जागा आणि ठरलेल्या तारखा. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेली आणि वर्षातले निम्मे दिवस कुलपात असलेली काही सभागृहे या छबिलदाससमोर ठेवून पाहावीत, म्हणजे पैसा कुठे कमी पडतो आणि कुठे नुसताच पडून राहतो ते दिसेल.

या सगळ्यावर एक जड आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. नाट्यगृह म्हणजे मूठभर मध्यमवर्गीयांची करमणूक, त्यासाठी सगळ्या गावाने खर्च का सोसावा? या आक्षेपात तथ्य आहे. अनेक शहरांत नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना श्रमिक वस्तीतल्या माणसाला आजही परके वाटते, तिकिटाचे दर त्याच्या आवाक्याबाहेर असतात आणि त्याची कला ‘दर्जेदार’ नाही म्हणून तिला तारीख नाकारली जाते. पण हा दोष नाट्यगृह या कल्पनेचा नाही, वही लिहिणाऱ्याचा आहे. परळचे दामोदर नाट्यगृह आठवा. सोशल सर्व्हिस लीगचे हे सभागृह १९२२ पासूनचे, गिरणगावाच्या ऐन मध्यात. गिरणी कामगारांची नाटके तिथे झाली आणि कामगार रंगभूमी तिथे वाढली. कोकणातून पोटासाठी आलेल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी तिथे नमन, जाखडी, शक्ती-तुरा, दशावतार रंगवला. गावची वाडी मुंबईत एकत्र जमायची ती अशा प्रयोगाच्या निमित्ताने. त्या जमवाजमवीतून गावातल्या शाळेसाठी, देवळासाठी वर्गणीही उभी राहायची. अलीकडे पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झाले तेव्हा रस्त्यावर उतरून विरोध करणाऱ्यांत नामवंत नट होते, तसेच हे लोककलावंतही होते. त्यांना चिंता होती ती नव्या इमारतीतल्या वातानुकूलनाची नव्हे. नव्या जागेत आपल्याला परवडेल असे भाडे आणि आपल्याला सोयीची तारीख मिळेल का, आणि इमारत होईपर्यंत प्रयोग कुठे करायचे, हे त्यांचे प्रश्न होते. शाहू महाराजांच्या नाट्यगृहाशेजारचा आखाडा आणि परळच्या मंचावरचे नमन एकच गोष्ट सांगतात : दार सगळ्यांना उघडे ठेवले तर सगळे येतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. रस्त्यांना खड्डे, पाण्याची बोंब आणि नाट्यगृहाचा तोटा कोण भरणार, असा सवाल महापालिकांच्या सभांमध्ये नेहमी होतो. त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे. दिवसाला तीन सत्रे धरली तर वर्षाची १,०९५ सत्रे होतात. देखभालीचे दिवस वगळले तरी हजाराच्या आसपास उरतात. त्यातली एक दशांश, म्हणजे शंभर सत्रे, स्थानिक हौशी संस्था, बालनाट्य, लोककला आणि नवोदितांसाठी नाममात्र भाड्याने राखून ठेवली, तरी नऊशे सत्रे पूर्ण भाड्याने द्यायला मोकळीच राहतात. शिवाय राखीव सत्रांतली बरीचशी कामाच्या दिवसांतली सकाळ-दुपार असू शकतात, जी एरवी रिकामीच जातात. म्हणजे गावाच्या कलावंतांना जागा देण्याची किंमत वाटते तितकी मोठी नाही. आणि समजा थोडा तोटा झालाच, तरी वाचनालय, उद्यान, क्रीडांगण यांचा जमाखर्च आपण नफ्याच्या मापाने मोजत नाही. उद्यानात फिरणाऱ्याकडून झाडाच्या सावलीचे भाडे घेत नाही. नाट्यगृहाकडून मात्र ते स्वतःच्या पायावर उभे राहावे ही अपेक्षा ठेवायची, आणि त्याच वेळी राजकीय मेळाव्यांना सवलत द्यायची, ही विसंगती आहे. खरा अपव्यय होतो तो दुरुस्ती वर्षानुवर्षे पुढे ढकलल्याने. गळणारे छप्पर, जुनाट वायरिंग, बंद पडलेले डिमर आणि ‘दुरुस्तीसाठी बंद’चा फलक यांचा खर्च कोणत्याही सवलतीच्या भाड्याहून मोठा असतो. कोल्हापूरच्या आगीनंतर तरी अग्निसुरक्षेची वार्षिक तपासणी ही औपचारिकता राहू नये.

तिसरा आक्षेप काळाचा. हातातल्या मोबाइलवर जगभरच्या मालिका आणि चित्रपट आले. आता नाट्यगृहात कोण जाणार? हे चित्रपट आला तेव्हाही म्हटले गेले, दूरदर्शन आले तेव्हाही म्हटले गेले, आणि प्रत्येक वेळी रंगभूमीला फटका बसला हेही खरे आहे. पण इथे नाट्यगृहाकडे फक्त पाहण्याची जागा म्हणून बघितले जाते. पाहण्यापुरतेच असेल तर पडद्याशी त्याची बरोबरी होणार नाही, आणि व्हायचीही गरज नाही. स्थानिक नाट्यगृह ही करण्याची जागा आहे. गावातल्या तीनशे मुलांना वर्षातून एकदा खऱ्याखुऱ्या रंगमंचावर उभे राहता येते, त्यांच्यामागे दिवे लावणारी, कपडे शिवणारी, पेटी-तबला धरणारी माणसे लागतात, आणि समोर त्यांना ओळखणारी माणसे बसतात. यातले काहीही मोबाइल देत नाही. उलट मालिका आणि वेबमालिकांना लागणारे नट, लेखक, तंत्रज्ञ यांतले अनेक अशाच मंचांवरून येतात. तेव्हा नवी माध्यमे आली म्हणून स्थानिक मंच निरुपयोगी ठरत नाही, त्याची मागणी वाढतेच. गोव्यात आजही गावोगावच्या जत्रांत गावकरी स्वतः मराठी नाटक बसवतात. तिथे मोबाइल पोचलेला नाही असे थोडेच आहे?

शेवटचा आक्षेप सगळ्यांत आधुनिक दिसतो. महापालिकेला हे जमत नाही. खासगी हातांत द्या, जुने पाडून भव्य संकुल बांधा, खाली वाहनतळ आणि गाळे, वर दोन-तीन सभागृहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराभोवती हा वाद काही वर्षे फिरतो आहे. ज्या वास्तूची पायाभरणी १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते झाली, जी पु. ल. देशपांडे यांच्या कल्पनेतून साकारली आणि २६ जून १९६८ रोजी खुली झाली, ती पाडायची म्हटल्यावर भावना उसळणे स्वाभाविक आहे. पण या वादात भावनेपेक्षा वही उपयोगी पडेल. खासगी हात वाईटच असतात असे नाही. जुहूचे पृथ्वी थिएटर खासगी न्यासाचे आहे. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी १९७८ मध्ये उभारलेल्या या मंचाला प्रेक्षक तीन बाजूंनी वेढून बसतात आणि आसने सुमारे दोनशेच आहेत. सोमवार सोडला तर तिथे जवळपास रोज नाटक असते, कारण सभागृह लहान आहे आणि भाडे नव्या गटांना झेपेल असे ठेवण्याचे धोरण आहे. उलट सार्वजनिक मालकीचे हजार आसनांचे सभागृह नवख्या संस्थेला परवडणार नसेल, तर ते नावापुरतेच सार्वजनिक. म्हणून पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावाला चार प्रश्न विचारावेत. हौशी संस्थेसाठी भाडे किती असेल? शनिवार-रविवारच्या तारखांचे वाटप कोणत्या नियमाने होईल? दीड-दोनशे आसनांचे छोटे सभागृह आणि तालमीची खोली आराखड्यात आहे का? आणि काम चालू असताना सध्याच्या संस्थांची सोय कुठे? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे नसतील तर संकुल कितीही देखणे असो, ते गावाचे राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही.

यातून पुढे काय करायचे तेही फार अवघड नाही. प्रत्येक नाट्यगृहाने तारखांचे वाटप दर तिमाहीला जाहीर करावे : कुणाला कोणते सत्र मिळाले, किती भाड्यात आणि कोणती तारीख का रद्द झाली. दिलेली तारीख सरकारी कार्यक्रमासाठीही ऐनवेळी काढून घेता येणार नाही असा नियम असावा, आणि घेतलीच तर नुकसानभरपाई द्यावी, कारण दौऱ्यावरच्या नाटकाचा टेम्पो, निवास, जाहिरात यांचा खर्च आधीच झालेला असतो. राखीव सत्रांचा वाटा लेखी ठरवावा, भाड्याचे टप्पे संस्थेच्या ऐपतीप्रमाणे असावेत, आणि वाटप समितीवर अधिकाऱ्यांबरोबर स्थानिक रंगकर्मी, लोककलावंत आणि प्रेक्षक यांचेही प्रतिनिधी असावेत. ध्वनी आणि प्रकाशाची यंत्रणा सांभाळायला प्रशिक्षित माणूस कायम नेमावा. कोल्हापूरच्या नाट्यगृहाबाबतीत तर ही संधी आपसूक चालून आली आहे. तिथे भिंती पुन्हा उभ्या राहतील, नक्षी जुळेल, खुर्च्या पूर्वीपेक्षा मऊ असतील. उद्घाटनाला मोठी नाटके आणि मोठी माणसेही येतील, आणि यावीत. पुनर्बांधणी खरोखर झाली की नाही हे मात्र उद्घाटनानंतरच्या वर्षाची वही सांगेल. त्या वर्षी कोल्हापूरच्या पेठांतल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या किती नवख्या संस्थांना तिथे, त्यांना परवडेल अशा भाड्यात, पहिली तारीख मिळाली, तो आकडा नागरिकांनी मागावा आणि महापालिकेने तो जाहीर करावा.